बंद दारामागची भीती

सकाळी दुकानाच्या किल्ल्यांचा जुडगा खुंटीवरून निघतो आणि सोफ्याखाली निजलेला कुत्रा उठून उभा राहतो. आता दार बंद होणार, हे त्याने ओळखलेले असते. संध्याकाळी घरी परतावे तो चौकट कुरतडलेली, फरशीवर लघवी आणि शेजाऱ्यांची तक्रार. ‘एकटे ठेवल्याचा सूड उगवला,’ असे म्हणून त्याला फटके बसतात.

तो सूड नव्हे, भय असते. घरी मोबाइल लावून चित्रण केल्यास हा आकांत बहुधा पहिल्या अर्ध्या तासातच सुरू झालेला दिसतो. कित्येक तासांनी बसलेल्या माराचा त्याच्याशी संबंध कुत्र्याला लावता येत नाही. त्याची भीती मात्र वाढते. २०२० च्या टाळेबंदीत घरी आणलेल्या अनेक पिल्लांना तर दुकाने उघडेपर्यंत एकटेपण ठाऊकच नव्हते.

उपाय संथ आहे. किल्ल्या उचलाव्यात आणि पुन्हा बसून राहावे. चपला घालून स्वयंपाकघरात जावे. असे दिवसातून अनेकदा घडले, की त्या खुणांतील धसका ओसरतो. मग दाराबाहेर पाच सेकंद थांबावे. तो शांत असेल तर दहा. तो धापा टाकू लागला किंवा दार ओरबाडू लागला, तर पुढच्या खेपेस वेळ कमी करावा. रोज वाढच हवी, हा व्यापारातला हिशेब येथे चालत नाही. या दिवसांत त्याला भीती वाटेल इतका वेळ एकटे ठेवू नये, ही अट सर्वांत जड. तेथे आजी-आजोबा, शेजारी किंवा पेढीवरचा एखादा कोपरा उपयोगी पडतो.

पोकळ रबरी खेळण्यात दहीभात भरून गोठवून द्यावा. शांत कुत्रा तो चाटत बसतो. घाबरलेला त्याला तोंडही लावत नाही, म्हणून उरलेला भात ही मोलाची खूण होय. मात्र मनुका, बेदाणे त्यात कदापि घालू नयेत. ते कुत्र्याच्या मूत्रपिंडास घातक ठरतात. घाबरलेल्या प्राण्यास पिंजऱ्यात कोंडल्यास दात-नखे मोडण्याचा धोका असतो.

भीती तीव्र असल्यास पशुवैद्यकास दाखवावे. लघवीमागे एखादा आजार नाही ना, हे ते तपासतात आणि गरज भासल्यास क्लोमिप्रामिन वा फ्लुऑक्सेटिन देतात. सराव मात्र सोबत चालूच ठेवावा लागतो. लग्नसराईत दुकान रात्री उशिरापर्यंत उघडे राहणार असेल, तर हा सराव काही महिने आधीच सुरू करावा.