‘मधली दोन वर्षे काय केलीत?’

नोकरीच्या मुलाखतीतला सगळ्यात नावडता प्रश्न कोणता, असे मला कुणी विचारले तर मी वरचाच प्रश्न सांगेन. बी. ए. ला मराठीच का घेतले, हा प्रश्न आम्हा कला शाखेच्या मंडळींना लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारला जातो, त्यामुळे तो आता अंगवळणी पडला आहे. पण बारावीच्या गुणपत्रिकेवरचे साल आणि प्रथम वर्षाच्या प्रवेशाचे साल यांच्यात दोन वर्षांचे अंतर आहे, हे ज्याच्या नजरेला पडते तो माणूस चष्मा कपाळावर सरकवतो आणि मला दरदरून घाम फुटतो.

मागल्या उन्हाळ्यात, दुसऱ्या वर्षाची परीक्षा आटोपल्यावर, मी एका पतसंस्थेत मुलाखतीला गेले होते. आपले कॉलेज सकाळचे, तेव्हा दुपारची नोकरी जमेल असा हिशेब. जाहिरातीत कामाचे स्वरूप दिले होते: रोजकीर्द लिहिणे, ग्राहकांशी बोलणे व थकबाकीचा पाठपुरावा करणे. टेबलापलीकडे तिघे जण. त्यांतल्या एकांनी कागद चाळले आणि चष्मा वर गेलाच.

“मधली दोन वर्षं काय केलीत? नापास?”

“नाही सर. घरगुती अडचण होती.”

“कसली?”

“वडील आजारी होते.”

“बरं.” आणि पुढचा प्रश्न.

परतीच्या एस. टी. त खिडकीशी बसल्यावर माझे मलाच हसू आले आणि पाठोपाठ संतापही आला. त्या दोन वर्षांत मी काय करत होते? वडिलांना अर्धांगाचा झटका आला होता आणि गावातली आमची पिठाची गिरणी मी चालवत होते. गव्हामागून ज्वारी, ज्वारीमागून बाजरी, सगळ्यात शेवटी डाळ, हा क्रम चुकला तर बाया डबा परत आणून आदळतात. पट्टा तुटला तर बदलायचा, दगड गुळगुळीत झाला की टाकी लावून घ्यायची, विजेचे बिल मुदतीत भरायचे. उधारीची वही माझ्याच हातात होती. ज्या काकूंनी आईला बाळंतपणात मदत केली त्यांच्याकडून तीन महिन्यांची थकबाकी मागायची आणि त्यांनी दुसऱ्या दिवशीही आमच्याकडेच दळण टाकायचे, हे कसे साधायचे ते मी एकोणिसाव्या वर्षी शिकले. हिशेब, गिऱ्हाईक आणि वसुली! जाहिरातीतले शब्द जणू आमच्या गिरणीच्या भिंतीवरून उतरवून घेतले होते. आणि मी तोंड वर करून सांगितले, ‘घरगुती अडचण’.

का बरे असे झाले? कारण मला लाज वाटत होती. प्रथम वर्षात असताना केसांत पीठ राहिले म्हणून वर्गातल्या दोघी हसल्या होत्या. ती लाज मुलाखतीच्या खोलीपर्यंत माझ्यासोबत आली.

म्हणून माझे पहिले मत असे की, नावडता प्रश्न आणि गैर प्रश्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण त्यांची गल्लत करतो. मधली वर्षे, कमी गुण, विषयाची निवड, आधीची सोडलेली नोकरी हे प्रश्न आपल्याला झोंबतात, पण ज्याला माणूस कामावर घ्यायचा आहे त्याने ते विचारावेत यात वावगे काही नाही. त्यांची खरी उत्तरे बहुधा आपल्याजवळ असतात. आपणच ती नाकारलेली असतात.

यावर मार्गदर्शनाच्या पुस्तकांचा तोडगा म्हणजे तयार उत्तरे. आपल्याकडेही झेरॉक्सचे दोन कागद या हातातून त्या हातात फिरत असतात. ‘तुमचा दोष सांगा’ या प्रश्नाखाली तिथे लिहिले आहे: ‘मी कामात इतकी गुंतते की वेळेचे भान राहत नाही.’ त्या पतसंस्थेत मी हे उत्तर दिले तेव्हा मधले गृहस्थ शांतपणे म्हणाले, “सकाळपासून तुम्ही चौथ्या.” बाहेर आल्यावर कळले, आधीच्या तिघी आपल्याच कॉलेजच्या होत्या!

विचारणाऱ्यांविषयीही थोडे बोलले पाहिजे. चाळीस उमेदवार, डोक्यावर घरघरणारा पंखा आणि अर्ज कुणी आधी वाचलेला नाही. ‘स्वतःबद्दल सांगा’ हा प्रश्न ते बहुतेक वेळा आपला अर्ज पहिल्यांदा वाचायला वेळ मिळावा म्हणून विचारतात, असा माझा पक्का संशय आहे. त्यात गूढ अर्थ शोधून घाबरू नये. पगाराच्या अपेक्षेचा प्रश्न तर सरळ बाजाराचाच आहे. भाजीवालीला जसा भाव विचारून ठेवतो तसा त्या कामाचा चालू पगार चार ठिकाणी विचारून जावे आणि आकडा सांगून मोकळे व्हावे.

आता गैर प्रश्नांकडे वळते. माझ्या वर्गातल्या एका मित्राला एका खासगी कचेरीत विचारले, “आडनावावरून अंदाज येत नाही. तुमचे पाहुणे कुठं कुठं?” आपल्या भागात हा प्रश्न कशासाठी विचारतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मित्र म्हणाला, “साहेब, जातीचा दाखला फाईलमध्ये तिसऱ्या पानावर आहे. वाचून दाखवू का?” आम्ही सगळ्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. ती नोकरी त्याला मिळाली नाही. थाप मारणाऱ्यांपैकी कुणालाच त्या महिन्याची खोलीभाड्याची चिंता नव्हती, हेही इथे लिहून ठेवते.

धर्म, जात, लिंग, जन्मस्थान वगैरे कारणांवरून शासकीय नोकरीत भेदभाव करता येणार नाही, असे आपल्या राज्यघटनेचे सोळावे कलम सांगते. पण हे कलम शासनाच्या नोकरीपुरते आहे. दुकानदाराच्या आणि कारखानदाराच्या खोलीत ते आपोआप पोचत नाही. आणि शासकीय खोलीत तरी सारे आलबेल होते असे नाही. श्रीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रवेशासंबंधी एक खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. त्याचा निकाल 1980 साली लागला. तिथे लेखी परीक्षेला 100 आणि तोंडी परीक्षेला 50 गुण होते. मुलांची तक्रार अशी की, मुलाखत दोन-तीन मिनिटांत उरकली आणि प्रश्न विचारले ते आईवडील कोण, राहता कुठे याचेच. न्यायालयाने तोंडी परीक्षेचा एवढा मोठा वाटा मनमानी ठरवला आणि 15 टक्क्यांहून अधिक गुण ठेवणे गैर होईल असे सांगितले. पुढे केंद्र सरकारने 1 जानेवारी 2016 पासून कनिष्ठ पदांसाठीच्या मुलाखतीच बंद केल्या. माझ्या मते हे चांगलेच झाले. तीन मिनिटांत माणूस ओळखण्याची विद्या कुणापाशी असेल तर त्याने ती खुशाल लग्ने जमवण्यात वापरावी.

लग्नावरून आठवले. आम्हा मुलींना ‘लग्न ठरलंय का?’ हे विचारल्याशिवाय मुलाखत पुरी होत नाही. हा प्रश्न पूर्वी छापील कागदावरही असे, आणि त्याहून वाईट रूपात. आयुर्विमा महामंडळाच्या एका फॉर्ममध्ये स्त्री उमेदवाराला मासिक पाळी आणि गरोदरपणाविषयी माहिती भरावी लागत असे. एका कर्मचारी स्त्रीला या माहितीवरून नोकरीतून काढले, ती सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि 1991 साली न्यायालयाने तिला परत घ्यायला लावून ते रकाने काढून टाकायला सांगितले. कागदावरून प्रश्न गेला, तोंडात मात्र राहिला. मालकांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. 2017 च्या दुरुस्तीनंतर प्रसूतिरजा 26 आठवड्यांची झाली, ते योग्यच झाले. पण राज्य कामगार विम्याची योजना जिथे लागू नाही तिथे त्या काळाचा पगार मालकाच्याच खिशातून जातो. मग तो बायकांना घेण्याआधी बोटे मोजू लागतो. हा भार सगळ्या समाजाने उचलावा अशी तरतूद होत नाही तोवर हा प्रश्न कुणाच्या सभ्यतेवर सोडून चालणार नाही.

तोवर खुर्चीत बसलेल्या मुलीने काय करावे? माझे मत असे की, प्रश्न घराचा असला तरी उत्तर कामाचे द्यावे. ‘सर, मी किती वर्षं टिकेन ही काळजी असेल तर मला पदवी इथं राहूनच पुरी करायची आहे, दुपारी रोज येईन.’ यात खोटे काही नाही आणि लग्नाची पत्रिकाही उघडी पडत नाही. पुन्हा खोदून विचारलेच तर ‘त्याचा या कामाशी काय संबंध?’ असे नम्रपणे विचारायचा आपल्याला हक्क आहे. पण हा हक्क ज्याच्या घरी चूल पेटायची चिंता आहे त्याला फार महाग पडतो. अशा वेळी जो गुमान उत्तर देतो त्याला भेकड म्हणायला मी तयार नाही.

गुरुजनांना एक विनंती आहे. निरोप समारंभात आम्हाला ‘आत्मविश्वास बाळगा’ असे सांगितले जाते. त्याऐवजी जानेवारीत दोन शनिवार तुम्ही टेबलापलीकडे बसा आणि आम्हाला हे वाईट प्रश्न विचारा, पाहुण्यांचासुद्धा. पहिल्यांदा जीभ टाळ्याला चिकटायची ती ओळखीच्या माणसांसमोर चिकटू द्या.

दुसरी मुलाखत मी एका शालेय साहित्याच्या घाऊक व्यापाऱ्याकडे दिली. चष्मा वर गेला, प्रश्न आला. मी गिरणीचे सांगितले. ते म्हातारे गृहस्थ पुढे झुकले. “टाकी किती दिवसांनी लावायची?” त्यांच्या आजोळी गिरणी होती म्हणे. मी म्हटले, “दिवस मोजून नाही. पीठ गरम लागू लागलं, भरड पडू लागलं की लावायची.” त्यांनी कागदावर काहीतरी लिहिले. ती जागा टॅली येणाऱ्या मुलाला मिळाली, आणि ते रास्तच होते. संगणकावरचा हिशेब मला तेव्हा येत नव्हता. आता शिकते आहे.

पुढच्या महिन्यात तिसरी मुलाखत आहे. या वेळी अर्जातल्या ‘अनुभव’ या रकान्यात ‘पिठाची गिरणी, दोन वर्षे’ असे लिहिले. वडिलांनी एका हाताने कागद धरून तो सगळा वाचला आणि म्हणाले, “मालकाचं नाव घातलं नाहीस?”

घातले.