दुखणं रेड्याला, औषध पखालीला

मावशीची माफी मागून झाली त्याला आता बरेच महिने झाले, पण ही गोष्ट लिहायची राहूनच गेली होती. घरातल्या बऱ्याच जणांना ती अर्धी माहीत आहे, आणि ती अर्धी चुकीची आहे. म्हणून लिहितोय. ज्यांना कॉम्प्युटरमधलं फारसं गम्य नाही त्यांनी मधले दोन-चार परिच्छेद धीर धरून वाचावेत. पुढे मावशी आहे.

तर, आमच्या घरातले जुने फोटो, एका मित्राची ट्रेकिंगची वर्णनं आणि ही माझी बडबड, असा सगळा संसार मुंबईतल्या एका छोट्या व्हर्च्युअल सर्व्हरवर आहे. एक सीपीयू, एक जीबी मेमरी, पंचवीस जीबी जागा. व्हर्च्युअल सर्व्हर म्हणजे काय, असं काकूने विचारलं होतं तेव्हा मी सांगितलं होतं की डेटा सेंटरमधलं मोठं मशीन म्हणजे एक इमारत. त्यात भिंती घालून फ्लॅट पाडतात आणि आपल्यासारख्यांना भाड्याने देतात. शेजाऱ्याच्या घरातलं आपल्याला दिसत नाही, आपलं त्याला दिसत नाही. पण गच्चीवरची पाण्याची टाकी एकच. (किती छान समजावलं मी! आणि वेळ आली तेव्हा टाकीचं स्वतःच विसरलो.)

कोकणातल्या घरातल्या अल्बममधले सहाशेच्या आसपास फोटो आम्ही स्कॅन करून तिथे ठेवले. त्यातली माणसं ओळखणारी आता मावशी एकटीच. म्हणजे मावशी आणि अण्णामामा. रात्री आठला जेवणं आटोपली की मावशी फोटो उघडून बसायची, अडलं की अण्णामामाला फोन लावायची, आणि मग खाली टाइप करायची: डावीकडून पहिली बायो आत्या, दुसरी तिची नणंद, मागे उभा आहे तो आपला घाटी गडी, आणि हा फोटो विहिरीला पाणी लागलं त्या दिवशीचा. चौऱ्याहत्तराव्या वर्षी मराठी टायपिंग शिकून हे चाललं होतं.

२०२३ च्या गणपतीनंतर सर्व्हर रात्रीचा रडायला लागला. पान उघडायला दहा-पंधरा सेकंद. मावशीने चार ओळी लिहून ‘जतन करा’ दाबलं की चाक फिरत राहायचं आणि कधीकधी लिहिलेलं सगळं गायब! न्यूजर्सीचा चुलतभाऊही म्हणाला, जेवणाच्या सुट्टीत फोटो उघडतच नाहीत. मी त्याला म्हटलं, तुझ्या ऑफिसचं नेट बघ. त्याची जेवणाची सुट्टी म्हणजे आपली रात्र, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

मग मी सर्व्हरला ‘बघायला’ बसलो. पण कधी? सकाळी अकरा वाजता, ऑफिसमध्ये चहा घेताना. तेव्हा सगळं छान. रात्री बघितलं तेव्हा लोड ॲव्हरेज सहा! एका सीपीयूवर सहा म्हणजे कायच्या काय. मेमरी बघितली तर मोकळी फक्त साठ एमबी. झालं, निदान पक्कं. प्लॅन वाढवून दोन जीबी घेतले, महिन्याचं भाडं दुप्पट. फरक शून्य.

इथे दोन गोष्टी माझ्या लक्षात यायला हव्या होत्या. पहिली अशी की लिनक्स रिकामी मेमरी रिकामी ठेवत नाही, डिस्कवरच्या फायली त्यात धरून ठेवतो आणि लागली की सोडतो. त्यामुळे ‘फ्री’चा आकडा बघायचा नसतो, ‘अव्हेलेबल’चा बघायचा असतो. माझ्याकडे अव्हेलेबल चारशेच्या वर होती. दुसरी लोड ॲव्हरेजची. लिनक्समध्ये हा आकडा नुसता सीपीयूचा नाही. १९९३ सालच्या एका छोट्या दुरुस्तीपासून डिस्कसाठी अडकून पडलेले प्रोसेसही त्यात मोजले जातात. म्हणजे सहा याचा अर्थ साधारण सहा जण एक तर काम करतायत किंवा ताटकळतायत, एवढाच. कशासाठी ताटकळतायत, ते हा आकडा सांगत नाही.

मेमरीने गुण आला नाही म्हणून डेटाबेस रीस्टार्ट केला. मग सर्व्हरच रीस्टार्ट केला. त्या रात्री जरा बरं वाटलं (योगायोग), दुसऱ्या रात्री परत तेच. मग उरलं काय? फोटो. मावशीला फोन केला आणि म्हटलं, अगं, तुझे फोटो फार जड आहेत, सर्व्हरला झेपत नाहीत. थोडे दिवस बंद ठेव. आणि निम्मे फोटो मी काढूनही टाकले.

ती म्हणाली, “बरं बाबा, मला काय कळतंय त्यातलं.”

एवढंच. रागावली असती तर बरं झालं असतं. कौटुंबिक ग्रुपवर मात्र ‘मावशीच्या फोटोंमुळे साइट बंद पडते’ असं पसरलं, ते मीच पसरवलं.

फोटो काढूनही रात्रीचं रडणं चालूच. नोव्हेंबर संपत आला होता. एका रविवारी रात्री बाबांकडे जेवायला गेलो होतो आणि सवयीने मोबाइलवर ‘टॉप’ लावून बघत बसलो होतो. टॉप ही कमांड सीपीयूचा वेळ कुठे गेला ते टक्क्यांत दाखवते: प्रोग्रॅमना ३१, सिस्टिमला ९, रिकामा ०, डिस्कची वाट बघण्यात ३. बाबा बँकेतून कॅशियर म्हणून निवृत्त झालेले. चष्मा कपाळावर सारून त्यांनी माझ्या मोबाइलात डोकावलं आणि विचारलं, “हे टक्के आहेत ना? मग बेरीज शंभर का येत नाही?”

त्रेचाळीस. मी दीड महिना त्या ओळीकडे बघत होतो आणि बेरीज केली नव्हती. सत्तावन्न टक्के गेले कुठे? मोबाइलचा पडदा अरुंद, त्यामुळे ती ओळ उजवीकडे कापली जात होती. घरी येऊन लॅपटॉपवर उघडलं. ओळीच्या अगदी टोकाला, शेवटचा आकडा: एसटी ५७.

एसटी म्हटलं की आपल्याला लाल डबा आठवतो. इथे एसटी म्हणजे स्टील, चोरी. आपल्या सीपीयूला काम करायचं होतं, तो तयार होता, पण खालच्या खऱ्या मशीनने तो वेळ दुसऱ्या कोणाला दिला, त्याचं प्रमाण. लिनक्सच्या २.६.११ आवृत्तीपासून, म्हणजे २००५ पासून हा आकडा मिळतो. माझा सर्व्हर रोज रात्री नळाखाली बादली लावून उभा होता आणि वरच्या मजल्यावर कोणीतरी पंप लावून टाकी खेचत होतं. दोन जीबीने काय होणार होतं? बादली मोठी घेतली, एवढंच.

प्रत्येक वेळी शेजारीच दोषी असतो असंही नाही हं. ॲमेझॉनने २०१४ मध्ये आणलेल्या टी२ जातीच्या सर्व्हरांना सीपीयूची क्रेडिट्स मिळतात. त्यातल्या मायक्रोला तासाला ६, आणि एक क्रेडिट म्हणजे एक मिनिट पूर्ण सीपीयू. म्हणजे सरासरी १० टक्के. साठवलेली संपली की सर्व्हर त्या १० टक्क्यांवर येतो आणि तिथेही एसटीचाच आकडा चढतो. तिथे चोर कोणी नसतो, आपलाच पगार वीस तारखेला संपलेला असतो.

मग मी शहाण्यासारखं वागलो (उशिरा का होईना). ‘सार’ नावाचं साधन चालू केलं. ते दर दहा मिनिटांनी आकडे टिपून ठेवतं, आपण झोपलो तरी. दहा दिवसांची वही तयार झाली: रोज साडेसातला एसटी चढायला लागायचा, अकराला उतरायचा. सर्व्हर देणाऱ्या कंपनीचं पहिलं उत्तर अर्थातच ‘मोठा प्लॅन घ्या’ हेच आलं होतं. ही वही पाठवल्यावर दोन दिवसांत त्यांनी काही न बोलता माझा सर्व्हर दुसऱ्या मशीनवर हलवला. एसटी शून्याच्या आसपास. मी प्लॅनही परत एक जीबीचा केला.

एका मशीनवर झेपेल त्याहून जास्त भाडेकरू ठेवणं ही लबाडीच, असं मी तावातावाने म्हटलं तेव्हा बाबा हसले. म्हणाले, सगळ्या ठेवीदारांचे पैसे आमच्या ड्रॉवरमध्ये असायचे असं वाटतं का तुला? पटलं. सगळे एकदम पाणी भरत नाहीत या भरवशावरच स्वस्त भाडं शक्य होतं. माझी तक्रार वेगळी आहे. टाकी किती भरलीय हे त्यांना दिसतं, आपल्याला नाही. दिसत असताना भाडेकरूलाच ‘तुम्ही पाणी फार वापरता’ म्हणणं मला मंजूर नाही. पण मग मी मावशीला वेगळं काय म्हटलं होतं?

माझ्या ब्लॉगवाल्या मित्रांपैकी दोघांचं म्हणणं असं की दोनशे-चारशे रुपयांसाठी एवढा खटाटोप कशाला, प्लॅन वाढवावा आणि मोकळं व्हावं. खरोखर मेमरी कमी असेल, म्हणजे ‘व्हीएमस्टॅट’मध्ये एसआय आणि एसओ हे रकाने सतत हलत असतील, तर जरूर वाढवा. (त्याची पहिली ओळ सोडून द्यायची, ती सर्व्हर सुरू झाल्यापासूनची सरासरी असते.) पण न बघता वाढवायला माझा आता ठाम विरोध आहे. गुण आला तर का आला कळत नाही, आणि नाही आला तर आपण खर्च केलाय या भावनेने पुढचा दोष दुसऱ्याच्या माथी मारायला मोकळे होतो. आणि रीस्टार्ट तर नकोच. आजारी माणसाची नाडी बघायच्या आत त्याला अंघोळ घालण्यातला प्रकार. ब्रेंडन ग्रेगने नेटफ्लिक्समध्ये असताना २०१५ मध्ये पहिल्या साठ सेकंदांत चालवायच्या दहा कमांडची यादी लिहिली होती. त्या दहातली एकही काही बदलत नाही, फक्त बघते. मी दीड महिना बदलत होतो आणि एक मिनिट बघितलं नव्हतं.

काढलेले फोटो माझ्याकडे जपून होते, ते परत चढवले. मावशीकडे जाऊन सांगितलं की तुझ्या फोटोंचा काही संबंध नव्हता. ती म्हणाली, “मला वाटलंच होतं, दिवसा तर उघडायचे की.” मग हे तेव्हाच का नाही बोललीस, असं विचारायची माझी हिंमत झाली नाही.

जानेवारीत तिने परत लिहायला घेतलं. पण मधल्या काळात, डिसेंबरच्या सुरुवातीला, अण्णामामा गेला. आता अडलं की ती फोन कोणाला लावणार? अडलेल्या फोटोंखाली ती ‘विचारायचं’ एवढाच शब्द लिहून पुढे जाते. आत्तापर्यंत असे एकतीस झालेत.

त्यातला २१४ नंबरचा जरा बघा. विहिरीच्या काठावर चार पुरुष आहेत, डावीकडून तिसरा गांधी टोपीवाला, हातात छत्री. बाकी तिघांची नावं लागली आहेत. घरातल्या कोणाला तो ओळखता आला तर मला कळवू नका, थेट मावशीला फोन करा. रात्री आठनंतर ती फोटोंपाशीच बसलेली असते.