तीस दिवसांची मुदत : जुन्या आवृत्तीचे दाखले मागे घ्या

ओरत्तनाडु आणि तंजावरच्या भोवतालच्या पट्ट्यात ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर राहती घरं बांधणाऱ्या बिल्डरांना, त्यांना ऊर्जाबचतीचे दाखले तयार करून देणाऱ्या आर्किटेक्ट आणि सल्लागारांना, आणि ते दाखले फायलीला टाचून नकाशे पास करणाऱ्या अधिकाऱ्यांना ही जाहीर सूचना आहे. आजपासून तीस दिवसांत आपल्या प्रत्येक चालू प्रकल्पाचा हिशोब सध्या लागू असलेल्या इको निवास संहितेच्या सॉफ्टवेअरवर नव्याने करा. तो बांधकामाच्या जागी, लोकांना वाचता येईल असा लावा. त्यावर चार गोष्टी ठळक हव्यात : संहितेचं वर्ष, सॉफ्टवेअरची आवृत्ती, निवडलेला हवामान विभाग आणि निवडलेले अक्षांश. भिंत, छत आणि काच यांचे आकडे कोणत्या चाचणीवरून घेतले, तेही त्याखाली द्या. मुदतीत हे झालं नाही तर पुढे काय होईल तेही आम्ही आत्ताच सांगून ठेवतो आहोत. नंतर ‘आम्हाला कुणी कळवलंच नाही’ ही सबब चालणार नाही.

दाखल्याचा मामला कुणाला किरकोळ वाटत असेल तर त्यांनी आधी हिशोब समजून घ्यावा. ऊर्जा दक्षता ब्युरोने राहत्या इमारतींसाठी इको निवास संहितेचा पहिला भाग १४ डिसेंबर २०१८ रोजी जाहीर केला. भिंती आणि खिडक्यांतून घरात शिरणारी उष्णता मोजायला त्यात आरईटीव्ही नावाचा एक आकडा आहे. थंड प्रदेश सोडून देशात कुठेही तो दर चौरस मीटरला १५ वॉटच्या वर जाता कामा नये. २०२१ मध्ये लिफ्ट, पंप, सामाईक जागांतले दिवे आणि सौरऊर्जा यांची भर पडली, गुणांची पद्धत आली. ऊर्जा संवर्धन कायदा २०२२ मध्ये दुरुस्त झाला, १ जानेवारी २०२३ पासून अमलात आला आणि राहत्या इमारती थेट त्याच्या कक्षेत आल्या. २०२४ मध्ये पुन्हा नवी आवृत्ती निघाली. सहा वर्षांत पायाच इतक्यांदा हलला असताना कुणाच्या लॅपटॉपवर अजून पहिल्याच वर्षाची एक्सेलची फाईल उघडत असेल, तर तिच्यातून निघालेला ‘पास’ हा शेरा रद्दी आहे.

आता मुद्द्याचं. सॉफ्टवेअर स्वतःहून खोटं बोलत नाही, त्याला खोटं शिकवावं लागतं. ते शिकवण्याची सगळ्यात सोपी जागा म्हणजे हवामान विभागाची यादी. ओरत्तनाडु उष्ण-दमट विभागात येतं. बंगळूर समशीतोष्ण विभागात येतं. बंगळूरच्या एखाद्या प्रकल्पाचा तयार साचा उचलला, वर गावाचं नाव बदललं आणि विभाग तसाच ठेवला, तर काय होतं पाहा. भिंतीतून येणाऱ्या उष्णतेला सूत्रात जो गुणक लागतो, तो उष्ण-दमट विभागासाठी ५.१५ आहे आणि समशीतोष्णासाठी ३.३८. म्हणजे तीच वीट, तोच गिलावा, तेच ऊन, आणि भिंतीची उष्णता कागदावर एक तृतीयांशाने कमी.

खिडक्यांचंही तसंच. उष्ण-दमट विभागात घराच्या चटई क्षेत्राच्या १६.६६ टक्के इतकी जागा बाहेरच्या बाजूला उघडणारी असली पाहिजे. त्यात खिडक्या, झरोके आणि मोकळ्या बाल्कनीत उघडणारे दरवाजे धरतात. समशीतोष्ण विभागाला १२.५ टक्के पुरतात. शंभर चौरस मीटरच्या फ्लॅटमध्ये हा फरक चार चौरस मीटरहून जास्त आहे, म्हणजे एका खोलीचं वारं गेलं. त्यातही दोन तावदानांची सरकती खिडकी लावली की तिची निम्मीच जागा उघडी धरली जाते. झडपांची खिडकी असेल तर नव्वद टक्के. ब्रोशरमध्ये खिडकी मोठी दिसते ती काचेमुळे. दमट हवेत घाम वाळवायला काच उपयोगाची नाही, वारा लागतो. हे इथल्या कोणत्याही आजीला विचारा, तिला सॉफ्टवेअर लागणार नाही.

अक्षांशांची लबाडी याहून बारीक आहे आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, म्हणून ती इथे जरा खोलात सांगतो. कोणत्या दिशेच्या भिंतीवर किती ऊन पडतं याचे गुणक संहितेने दोन तक्त्यांत दिले आहेत, कर्कवृत्ताच्या उत्तरेला एक आणि दक्षिणेला एक. सीमा साडेतेवीस अंशांची. ओरत्तनाडु साडेदहा अंशांच्या किंचित वर आहे. म्हणजे साधारण एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या शेवटापर्यंत इथला दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. मे महिन्यातला, इथे ‘कत्तिरी’ म्हणतात तो कडक उन्हाळा नेमका याच दिवसांत येतो. दिल्लीत दुपारी उत्तरेची खिडकी सावलीत असते म्हणून तिथल्या तक्त्यात उत्तरेचा गुणक ०.५५० आहे. आपल्या तक्त्यात तो ०.६५९ आहे. दिल्लीच्या साच्यावर हिशोब केला की उत्तरेकडच्या काचेतून येणारं ऊन सहाव्या हिश्शाने कमी दिसतं, आणि त्या खिडकीवर छज्जा नको असं अनुमान निघतं. छज्ज्याचे पैसे वाचतात. ते वाचलेले पैसे पुढची तीस वर्षं घरमालक वीजबिलात भरतो.

दक्षिणेचा गुणक मात्र उलटा आहे. दिल्लीकडे १.०८९, आपल्याकडे ०.९६६. म्हणजे तक्ता चुकून निवडला गेला असता तर काही इमारतींना तो तोट्याचाही पडला असता. चूक नेहमी बिल्डरच्याच फायद्याची निघत असेल, तर तिला चूक म्हणण्याइतके आम्ही भोळे नाही.

छताबद्दल फार बोलण्याची गरज नाही. छतातून जाणाऱ्या उष्णतेची मर्यादा दर चौरस मीटरला, तापमानातल्या दर अंश फरकामागे १.२ वॉट आहे. नुसता दीडशे मिलिमीटरचा उघडा स्लॅब तिच्या तिपटीच्या आसपास जातो. वर कोबा किंवा वेदरिंग कोर्स टाकला तरी तेवढ्याने भागेलच असं नाही. उष्णतारोधक थर लागतो, आणि तो खरोखर टाकला की नाही हे गच्चीवर चढून पाहता येतं. आम्ही चढणार आहोत.

यावर एक ठरलेलं उत्तर आम्हाला ठाऊक आहे : ‘संहिता केंद्राची आहे, राज्याने आणि स्थानिक संस्थेने आपल्या नियमांत घेईपर्यंत ती ऐच्छिक, मग तुम्ही विचारणारे कोण?’ मान्य, सक्ती अधिसूचनेने येते. पण तुमचं माहितीपत्रक ऐच्छिक नाही. त्यावर ‘ऊर्जाबचतीचं घर’, ‘संहितेनुसार प्रमाणित’ असं छापून तुम्ही गिऱ्हाईक ओढलंत, की तुम्ही रेरा कायद्याच्या कलम १२ खाली उभे आहात. जाहिरातीतल्या खोट्या विधानावर विसंबून पैसे गुंतवणाऱ्याला नुकसानभरपाई मिळते, आणि त्याला बाहेर पडायचं असेल तर सगळी रक्कम व्याजासकट परत मिळते. योगायोग असा की रेराची नोंदणी सक्तीची होते तीही ५०० चौरस मीटरच्या वर किंवा आठहून जास्त सदनिका असल्या की. इको निवास संहितेनेही भूखंडाची किमान मर्यादा तीच धरली होती. एका कायद्यातून निसटायला जी पळवाट शोधाल, ती दुसऱ्याच्या दारात उघडते.

छोट्या घरांना मात्र यातलं काहीच लागू नाही, आणि हे आम्हाला खुपतं. तमिळनाडूत जुलै २०२४ पासून अडीच हजार चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावरच्या घराला स्वयंप्रमाणनाने लगेच परवानगी मिळते. सोय चांगली आहे. पण नोव्हेंबर २०१८ च्या गजा वादळाने या तालुक्याला झोडपलं, आणि ज्याचं छप्पर तेव्हा उडालं त्याने पुढच्या वेळी काँक्रीटचा स्लॅब मागितला तर त्याला दोष कोण देणार? त्या स्लॅबखाली तो भाजतो, आणि त्याला सांगणारं कुणी नाही. संहितेची भूखंड-मर्यादा किमान आहे, ती खाली आणण्याचा अधिकार राज्याला आणि स्थानिक संस्थांना आहे. ओरत्तनाडुच्या नगर पंचायतीने तसा प्रस्ताव वर पाठवावा, ही आमची मागणी मुदतीत धरलेली नाही. पण ती सोडलेलीही नाही.

अधिकाऱ्यांना वेगळं सांगायचं आहे. ज्या दिवशी नवी संहिता लागू होते, त्या दिवसापासून नव्या अर्जांसोबत जुन्या सॉफ्टवेअरचा अहवाल घ्यायचा नाही, एवढी एक ओळ नियमांत लिहायला किती वर्षं लागतात? कॅलिफोर्नियात घरांच्या ऊर्जासंहितेची दर तीन वर्षांनी नवी आवृत्ती येते. तिथल्या ऊर्जा आयोगाने मान्य केलेलं सॉफ्टवेअरच चालतं, आणि कोणती संहिता लागायची ते परवान्याच्या अर्जाच्या तारखेवरून ठरतं. १ जानेवारी २०२६ पासून येणाऱ्या अर्जांना तिथे २०२५ ची संहिता आहे. आधी अर्ज केलेल्यांवर अन्याय नाही, नंतर आलेल्यांना पळवाट नाही. आपल्याकडेही मान्य आवृत्त्यांची यादी ब्युरोने आणि राज्याच्या नियुक्त संस्थेने जाहीर करावी, आणि नगर पंचायतीच्या खिडकीवर ती तमिळमध्ये लावावी. खिडकीवरच्या कारकुनाला सूत्र कळायला नको, आवृत्तीचा आकडा वाचता आला तरी पुष्कळ.

तंजावरचे राजे सरफोजी दुसरे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी ओरत्तनाडुतच मुक्तांबाळ छत्र उभारलं, रामेश्वरच्या वाटेवरच्या यात्रेकरूंना सावली आणि अन्न मिळावं म्हणून. खांबांचे ओटे, मध्ये मोकळं अंगण. ‘त्यांनी कुठे सॉफ्टवेअर वापरलं?’ असा टोमणा आम्ही ऐकला आहे. नाही वापरलं. ते बांधणारे कारागीर दिवसभर त्याच उन्हात उभे होते, आणि सावली कुठे पडते हे त्यांना कुणी ईमेलने कळवलं नव्हतं. तुमचे नकाशे चेन्नईत निघतात, आकडे बंगळूरहून येतात आणि काच येते ती जिथे स्वस्त मिळेल तिथून. म्हणून तुम्हाला सॉफ्टवेअर लागतं, आणि म्हणून ते खरं असायला हवं. छत्राचं चित्र ब्रोशरवर छापून परंपरेचं नाव घ्यायचा मोह झाला तर आधी छताचा आकडा छापा.

‘विजेची शंभर युनिटं फुकट आहेत, लोक तक्रार करत नाहीत’ असं कुणी म्हणेल. ती सवलत दोन महिन्यांना शंभर युनिटांची आहे. एसी लावल्यावर ती किती रात्री पुरते, हे तुमच्या स्वतःच्या घरचं बिल पाहून ठरवा.

मुदत संपल्यावर काय होईल ते आता लिहून देतो. एकतिसाव्या दिवशी ज्या ज्या प्रकल्पाचा हिशोब जागेवर लागलेला नसेल, त्याच्या फायलीतला ऊर्जा अहवाल माहितीच्या अधिकाराखाली मागितला जाईल. उत्तराला कायद्याने तीस दिवस आहेत. तेवढे आम्ही थांबू, एकतिसाव्याला पहिलं अपील. घर घेतलेल्या ग्राहकांना रेराच्या कलम १९ प्रमाणे मंजूर नकाशे आणि तपशील पाहण्याचा हक्क आहे, तो ते एकत्रितपणे लेखी बजावतील. अहवालात विभाग किंवा अक्षांश चुकीचे निघाले आणि माहितीपत्रकात ऊर्जाबचतीचा दावा असला, तर रेराकडे तक्रार होईल, प्रत्येक सदनिकेची वेगळी. मंजुरीनंतर काच किंवा भिंतीचा माल गुपचूप बदलला असेल तर कलम १४ आहेच; मंजूर आराखड्यात आणि तपशिलात ग्राहकाच्या संमतीवाचून बदल करता येत नाही, आणि दर्जातला दोष ताब्यानंतर पाच वर्षांपर्यंत बिल्डरला स्वखर्चाने दुरुस्त करावा लागतो. ज्यांनी अजून करारनाम्यावर सही केलेली नाही, त्यांना आमचं एकच सांगणं आहे : चार ठळक गोष्टींचा तो कागद हातात आल्याशिवाय सही करू नका, मग टोकनचे पैसे कितीही अडकलेले असोत.

हिशोब नव्याने करून एखादा आकडा मर्यादेत बसला नाही, तर तोही तसाच लावा. छज्जा वाढवता येतो, छतावर थर टाकता येतो, सरकत्या खिडकीच्या जागी झडपा बसवता येतात. बांधकाम चालू असताना हे सगळं जमतं, आणि खरा आकडा लावणाऱ्याच्या विरोधात आम्ही एकही तक्रार करणार नाही. खोटा ‘पास’ लावणाऱ्याला मात्र ही सवलत नाही. अर्जांचे नमुने तमिळमध्ये तयार आहेत. त्यांत फक्त प्रकल्पाचं नाव आणि तारीख भरायची राहिली आहे.