सलग दहा वर्षांनंतर

जिल्हा मध्यवर्ती बँकेचे संचालकपद मानद आहे, बैठकीच्या भत्त्यापलीकडे त्यात काही नाही, असे नेहमी सांगितले जाते. मग ते सोडणे इतके जड का जावे, हा प्रश्न परभणी जिल्ह्यातील सभासदांनी एकदा मोकळेपणाने विचारायला हवा.

२०२० मध्ये बँकिंग नियमन कायद्यात दुरुस्ती होऊन सहकारी बँकांच्या संचालकांनाही सलग आठ वर्षांची मर्यादा आली. संचालक मंडळाची मुदत पाच वर्षांची. त्यामुळे दुसऱ्यांदा निवडून आलेल्या संचालकाला अर्ध्यावरून उठावे लागणार होते. १ ऑगस्ट २०२५ पासून ही मर्यादा दहा वर्षांची झाली, म्हणजे पूर्ण दोन मुदती. हा बदल व्यवहार्य आहे व त्याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु कायद्यातील ‘सलग’ या शब्दातून वाट काढणे अवघड नाही. काही काळ स्वतः बाजूला व्हायचे, चिरंजीवांना वा सौभाग्यवतींना खुर्चीवर बसवायचे आणि कारभार घरातूनच हाकायचा, असे झाले तर कायदा पाळला जाईल आणि हेतू मात्र बुडेल.

खरी गोम खाली आहे. ही बँक परभणीबरोबर हिंगोलीचेही काम पाहते. १ मे १९९९ रोजी जिल्हे वेगळे झाले, बँक एकच राहिली. तिच्या संचालकांच्या निवडणुकीत गावोगावच्या सेवा सहकारी सोसायट्यांचे प्रतिनिधी मतदान करतात. म्हणून निवडणूक जवळ आली की सोसायटीचा ‘ठराव’ कोणाच्या नावे, यावरून गावे दुभंगतात. ज्याच्या हाती सोसायटी, त्याच्या हाती ठराव. आणि बँकिंग कायदा या प्राथमिक कृषी पतसंस्थांना लागूच नाही! शेंड्याला मर्यादा आणि मूळ मोकळे, अशी ही रचना आहे. खरिपाच्या तोंडावर पीककर्जासाठी सोसायटीची पायरी चढणारा पालम किंवा सोनपेठचा कापूस उत्पादक पिढ्यान्‌पिढ्या त्याच घराकडे पाहत राहतो.

अनुभवाचे काय, असे विचारले जाते. अनुभवी माणसाचा सल्ला कोणी नाकारलेला नाही. प्रश्न खुर्चीचा आहे. प्रवरानगरच्या साखर कारखान्याचे अध्यक्षपद आरंभीची सुमारे दहा वर्षे अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांकडे होते. पुढे ते विठ्ठलराव विखे पाटलांकडे गेले. कारखाना थांबला नाही.

आणि दूर कशाला जायचे? नानाजी देशमुखांचा जन्म १९१६ मध्ये तत्कालीन परभणी जिल्ह्यातील कडोळीचा. १९७७ मध्ये केंद्रीय मंत्रिपद नाकारून आणि साठी ओलांडताच राजकारणातून बाजूला होऊन त्यांनी गोंडा, बीड, चित्रकूट येथे ग्रामविकासाचे काम उभारले. त्यांना २०१९ मध्ये भारतरत्न मिळाल्यावर आपण सत्कार केले, प्रतिमापूजन केले. पण आपल्या विचाराचे कार्यकर्ते ज्या नागरी बँका व पतसंस्था चालवतात, तेथे दुसरी फळी तयार आहे काय? अनेक ठिकाणी उत्तर अवघड आहे, हे मान्य केलेले बरे.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत सभासदांनी लाभांशाबरोबर हाही विषय मांडावा. सेवा सोसायट्यांनी दोन मुदतींचा संकेत स्वतःहून स्वीकारावा आणि पायउतार होणाऱ्याने घरातील माणूस पुढे करू नये. तोवर प्रत्येक ज्येष्ठ संचालकाने गावातील एखाद्या वाणिज्य पदवीधर तरुणाला शेजारी बसवून ताळेबंद वाचायला शिकवावे. थकबाकीची यादीही त्याच्यापुढे उघडी करावी, अगदी त्यात स्वतःच्या सोयऱ्यांची नावे असली तरी.