मेसचे खाडे

मंडळी, गेले दोन आठवडे आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच विषय चाललाय. होस्टेलचं जेवण! कोणीतरी वातीच्या स्टोव्हचा फोटो टाकला आणि मग जी रांग लागली... खिचडी कशी करपायची, रेक्टर आले की शेगडी कॉटखाली कशी ढकलायची, रविवारच्या फीस्टला कोणी किती गुलाबजाम हाणले. सगळे आता पुणे, बंगळूर, न्यू जर्सीत स्थिरावलेले. आणि सगळ्यांचा सूर एकच: ते दिवसच वेगळे होते, हालअपेष्टांनी आपल्याला घडवलं, आजच्या पोरांना मोबाईलवर बोट फिरवलं की बिर्याणी मिळते म्हणून ती अशी नाजूक.

चार मेसेज मीही टाकले. स्टोव्हचा विषय निघाला की मलाही राहवत नाही :-) पण आमच्या धंद्यात एक सवय लागते. आकडे दिसले की आधी विचारायचं, हे आले कुठून? या ग्रुपवर कोण आहे? जे चार (काही पाच) वर्षं टिकले आणि डिग्री घेऊन बाहेर पडले ते. जे मधेच घरी गेले त्यांचे नंबर कोणाकडे नाहीत. म्हणजे हालअपेष्टांनी घडवलं की नाही, याची साक्ष फक्त घडलेल्यांकडून घेतलेली आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. गावाकडचा मुलगा किंवा मुलगी कॉलेजात टिकणार की नाही, हे फीपेक्षा जेवण जास्त वेळा ठरवतं. आणि जेवणाला आपण शिक्षणाच्या खर्चात धरतच नाही.

आता जरा नगरबद्दल. (२०२४ मध्ये अधिकृत नाव अहिल्यानगर झालं, पण शिकत होतो तेव्हाचं नाव तोंडात बसलंय, सांभाळून घ्या.) राज्यातली पहिली एसटी १ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर धावली, हे शाळेत कोणी सांगत नाही. त्याच्या आदल्याच वर्षी, १९४७ ला, नगरमध्ये अहमदनगर कॉलेज सुरू झालं होतं. कॉलेज आणि एसटी एकापाठोपाठ आले हा योगायोग, पण पुढची पन्नास वर्षं दोघांनी मिळून जिल्ह्यातली पोरं शिकवली असं म्हटलं तर कोणाला राग येऊ नये. कारण पोरांचा डबा एसटीने यायचा.

ज्यांनी हे पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमचं गाव पारनेर तालुक्यात. पहिली गाडी साडेसहाला. म्हणजे आई साडेचारला उठणार, चूल पेटवणार, सहा भाकरी थापणार, फडक्यात गुंडाळणार. कालवण कडीच्या ॲल्युमिनियमच्या डब्यात, झाकणावर ऑइलपेंटने नाव आणि कॉलेज. वडील स्टँडवर जाऊन तो ड्रायव्हरच्या केबिनमध्ये, गरम बॉनेटशेजारी ठेवणार. आठ-साडेआठला गाडी माळीवाडा स्टँडला लागली की आम्ही पोरं घोळक्याने हजर. आठ-दहा गावांचे डबे एका ओळीत मांडलेले, त्यातून आपला शोधायचा. संध्याकाळच्या गाडीला रिकामा डबा परत. पत्ता नाही, पावती नाही, कंडक्टर बदलला तरी डबा चुकत नसे. आज ऑफिसात आम्ही पार्सल ट्रॅकिंगची सिस्टिम बनवतो, तिच्यात याहून जास्त चुका निघतात.

डबा एक, जेवणं दोन. सकाळी भाकरी जरा मऊ असायची. रात्रीपर्यंत बाजरीची भाकरी कडक व्हायची, मग ती कुस्करायची, वर शेंगदाण्याची चटणी आणि कच्चं तेल, सोबत कांदा. ज्वारीची असली तर जरा बरी राहते. पण हिवाळ्यात बाजरीच. बाजरीचं पीठ साठवलं की कडू होतं, म्हणून आई आठवड्याला ताजं दळून आणायची, तेही गिरणीला लाइट असेल तेव्हा. उन्हाळ्यात कालवण दुपारनंतर आंबायचं, तेव्हा घरचे सुक्या भाज्यांवर यायचे. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की गाडी नाही. गाडी नाही म्हणजे डबा नाही. त्या दिवशी स्टँडबाहेर वडापाव, तोही रूममध्ये तिघांत दोन.

कधी गुरुवारच्या डब्यात शेंगोळे यायचे. हुलग्याच्या पिठाचे, लसणाच्या झणझणीत रश्श्यातले. त्या दिवशी रूमवर पाहुणे आपोआप वाढायचे.

आमच्या आधीच्या पिढीचं ऐकाल तर हे सगळं चैनीचं वाटेल. माझे मामा १९७२ च्या दुष्काळात कॉलेजला होते. विहिरी आटलेल्या, घरात दाणा नाही, रेशनवर अमेरिकेतून आलेला लाल मिलो. त्याची भाकरी थापताना तुटायची आणि गिळताना घशाला लागायची, असं मामा अजून सांगतात. सुट्टीत ते घरच्यांबरोबर खडी फोडायला दुष्काळी कामावर जायचे, तिथे सुकडी मिळायची. ती त्यांना आवडायची! आजही आवडते. जवळच राहुरीला १९६८ मध्ये स्थापन झालेलं कृषी विद्यापीठ होतं, तिथली पोरं बाजरी-ज्वारीच्या वाणांचा अभ्यास करत होती, आणि मेसच्या ताटात काय पडेल ते रेशन दुकान ठरवत होतं.

आता खाड्यांविषयी. शीर्षक तेच दिलंय.

ज्यांचा डबा येत नसे ते मेस लावायचे. मेसचं बिल महिन्याचं, आणि गावी गेलात तर आधी सांगून तेवढ्या दिवसांचा खाडा. सलग तीन दिवस धरले तरच खाडा, एका दिवसाचा नाही, असे नियम. एका दिवसाचं कोणाला काय पडलंय, असं मेसवाल्याला वाटत असावं. (त्याचंही बरोबर होतं, भाजी काय माणशी मोजून आणायची?)

माझा रूममेट पाथर्डी तालुक्यातला. आईवडील ऊसतोडीला जाणारे. दिवाळीनंतर कोयता घेऊन बाहेर पडायचे ते एप्रिलपर्यंत घराला कुलूप. म्हणजे आमचं कॉलेजचं निम्मं वर्ष त्याच्या घरी चूलच पेटत नसे, डबा कुठून येणार? मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतून ते त्याला काही पैसे आधी देऊन जायचे. ते जानेवारीपर्यंत पुरायचे. मग याचे खाडे सुरू. मेसवाल्याला सांगायचा, गावाला चाललोय. आणि तीन दिवस रूमवरच. पारले-जी, केळी, आमच्या डब्यातली भाकरी. ती पण मागून कधी घेतली नाही. आम्ही "उरलीय रे, टाकून द्यावी लागेल" म्हणायचो आणि तो हसून घ्यायचा. फेब्रुवारीत त्याचे खाडे बारा झाले. मेसच्या वहीत ते नीट लिहिलेले होते. एखाद्या पोराचं काय चाललंय हे कळायला दुसरी कुठलीही नोंद नव्हती. हजेरीपट तर त्याचा आमच्यापेक्षा चांगला होता.

स्कॉलरशिप त्याला मिळत होती, फी माफ होती. दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर तो गेला. नापास होऊन गेला नाही. मेसचे दोन महिने थकले आणि तो गेला.

तो ग्रुपवर नाही.

आता तुम्ही म्हणाल, ही जुनी गोष्ट झाली, आज योजना आहेत. आहेत की. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या मुलींसाठी मोठा निर्णय घेतला. घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि मुलगी आर्थिक दुर्बल, मराठा आरक्षणाच्या किंवा ओबीसी गटातली असेल तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. चांगलाच निर्णय, शंकाच नाही. पण त्यात पोळी-भाजी नाही. जेवणाचं नाव घेणारी योजना म्हणजे अनुसूचित जातींच्या मुलामुलींसाठी २०१६-१७ पासूनची स्वाधार. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर खात्यात पैसे. सुरुवातीला मुंबई-पुण्यासारख्या शहरांत जेवणासाठी वर्षाला ३२,००० आणि जिल्ह्याच्या ठिकाणी २५,००० रुपये धरले होते. २५,००० ला कॉलेजच्या दहा महिन्यांनी भागा, दिवसाला ८३ रुपये. त्यात सकाळचा चहा, नाश्ता, दोन्ही जेवणं. बरं, निदान कोणीतरी आकडा तरी मांडला. अडचण वेगळीच आहे, पैसे येतात कधी? मेसवाल्याला बिल महिन्याच्या महिन्याला लागतं.

आणि ही माझी एकट्याची कुरकूर नाही. २०१८ मध्ये आदिवासी विभागाने शहरांतल्या वसतिगृहांतल्या मेस बंद करून मुलांच्या खात्यात पैसे द्यायचं ठरवलं. कागदावर मस्त दिसतं, मधला कंत्राटदार गेला, मुलं हवं ते खातील. मुलांना मात्र ते नको होतं. त्या जुलैत शेकडो आदिवासी विद्यार्थी पुण्याहून नाशिकला पायी निघाले. पुणे-नाशिक रस्ता आपल्या संगमनेरवरून जातो. मागणी एकच: पैसे नकोत, मेस चालू करा. वीस वर्षांची पोरं पावसात ताटासाठी चालत होती आणि आपण तेव्हा, आठवून बघा, कुठल्या फोनच्या फ्लॅश सेलमध्ये होतो.

मुलांचं म्हणणं अगदी व्यवहारी होतं. पैसे उशिरा येतात. आणि घरी अडचण असली की मुलगा मेसचे पैसे घरी पाठवतो. ताट घरी पाठवता येत नाही! अर्थशास्त्रात रोख रक्कम श्रेष्ठ वगैरे आपण वाचलेलं असतं. माझ्या रूममेटला ते पैसे मिळाले असते तर मार्चमध्ये मुकादमाची उचल फेडायला गेले असते, हे मी लिहून देतो.

याच वर्षीच्या, म्हणजे २०१८-१९ च्या दुष्काळात पुण्यात स्पर्धा परीक्षा देणारी मराठवाडा-नगर-सोलापूरकडची मुलं एक वेळ जेवून राहत असल्याच्या बातम्या आल्या होत्या. म्हणजे १९७२ आणि २०१८ मध्ये फरक एवढाच पडला की लाल मिलो गेला.

हे कसं करायचं ते महाराष्ट्राला माहीत नाही असंही नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग काढलं. त्यांनी पहिला प्रश्न सोडवला तो ताटाचा. सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत, स्वयंपाकात आणि कामात मुलांचाच हात. १९२७ ला गांधीजी तिथे येऊन गेले. पण धान्य संपलं तेव्हा लक्ष्मीबाईंचे दागिने गेले, आणि शेवटी मंगळसूत्रही गेलं. रयतची कॉलेजं आज नगर जिल्ह्यात कर्जतपासून कोपरगावपर्यंत आहेत. भाषणांत ते मंगळसूत्र दरवर्षी येतं. मला त्यात जरा वेगळंच दिसतं. मुलांच्या जेवणासाठी एका बाईचं मंगळसूत्र जावं लागलं, याचा अर्थ त्या खर्चाला दुसरा कोणी वालीच नव्हता. आमच्या डब्याचंही तेच. आईची साडेचारची उठणी कुठल्याच शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर कधी लिहिली गेली नाही, म्हणून शिक्षण स्वस्त दिसलं.

यावर ठरलेलं उत्तर येतं, कमवा आणि शिका. माझा त्याला विरोध नाही, पुणे विद्यापीठाच्या कॉलेजांत कित्येक जण त्यावर शिकलेत. पण तासावर पैसे मिळवून दोन वेळचं जेवण भागवायचं तर तास किती लागतात, हे इंजिनिअरिंगची सबमिशनं सांभाळून कोणी मोजलंय का? आणि "फुकट दिलं की किंमत राहत नाही" म्हणणाऱ्यांनी कृपया आपल्या कंपनीच्या कॅन्टीनमध्ये सबसिडीचा डोसा खाताना ते म्हणू नये. हिंजवडीत बसून मी पण तोच खातो.

मला हवंय ते फार मोठं नाही. कॉलेजला जोडून मेस असावी, तिचं बिल फीसारखंच शिष्यवृत्तीतून थेट मेसला जावं, आणि शिष्यवृत्ती उशिरा आली तरी ताट थांबू नये. आणि सलग खाडे धरणाऱ्या मुलाला कोणीतरी बोलावून विचारावं, खरंच गावाला चाललास का?

आमच्या कंपनीत सीएसआरची कमिटी आहे, यंदा मीही तिच्यात आहे. दरवर्षी ग्रामीण कॉलेजांना आम्ही लॅपटॉप देतो, फोटो छान येतात. या वेळी मी नगरकडच्या एका कॉलेजातल्या चाळीस मुलामुलींच्या मेसचं वर्षाचं बिल सुचवलंय. फॉर्ममध्ये "शैक्षणिक साहित्य" आणि "पायाभूत सुविधा" असे दोन रकाने होते, दोन्हीत बसेना, म्हणून "इतर" मध्ये टाकलं. सोमवारी मीटिंग आहे.