रेवसचा रस्ता आणि सायकलींचा जथा

रविवारी उजाडता उजाडता अलिबाग-रेवस मार्गावरून सायकलस्वारांचा जथा भरधाव जातो, त्याचे झिराड-चोंढीच्या रहिवाशांना आता फारसे नवल उरलेले नाही. २०२० साली भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो बोट सुरू झाली आणि मुंबईकर सायकलस्वारांना हा किनारा अधिकच जवळचा झाला.

एकमेकांच्या मागे बिलगून जाण्यात शास्त्र आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पुढच्याच्या आडोशाने मागच्याचे सुमारे पाव हिस्सा श्रम वाचतात. म्हणूनच आघाडी पाळीपाळीने घ्यावयाची असते. नुसता आडोसा घेणाऱ्यास जथ्यात मान नाही! परंतु दोन चाकांत हातभरच अंतर असता एकाने अचानक ब्रेक दाबला तर मागची रांग कोसळते. समोर मासळीची पाटी घेतलेली कोळीण असली तर? गावात शिरताच वेग आवरणे हे या मंडळींचे कर्तव्यच होय.

तथापि मोठा धोका पुढेच आहे. अंतुले यांच्या काळापासून चर्चेत असलेल्या रेवस-करंजा पुलाचे काम अखेर हाती घेण्यात आले आहे. तो खुला झाल्यावर मोटारींचा लोंढा याच बाजूला उतरेल. तेव्हा सायकलीने कोठून जावे? हा प्रश्न महागड्या सायकलींपुरता नाही. जुन्या सायकलीवरून कामावर जाणाऱ्याचाही आहे. रस्त्याच्या कडेला सायकलींसाठी स्वतंत्र पट्टा शासनाने आताच आखावा. पुढे वाड्यांची कुंपणे मागे सारणे कोणालाच सोपे जाणार नाही.