मतदार अठराचा, उमेदवार पंचविशीचा

मतदानाचे वय अठरावरून सोळावर आणावे काय, हा प्रश्न अधूनमधून उपस्थित होतो. ऑस्ट्रियाने २००७ साली तसे केले. ब्राझीलच्या १९८८ च्या संविधानाने सोळा वर्षांच्या मुलांना ऐच्छिक मताधिकार दिला. ही उदाहरणे विचारार्ह आहेत खरी. परंतु भारतात त्याआधीचेच एक काम अर्धवट राहिले आहे.

१९८९ साली अमलात आलेल्या एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३२६ मधील एकवीस वर्षांची अट अठरावर आणली. अनुच्छेद ८४ व १७३ मात्र जसेच्या तसे राहिले. लोकसभा व विधानसभा यांची उमेदवारी त्यामुळे पंचविशीनंतरच. कारभार कोणाच्या हाती द्यावा हे ठरविण्याइतकी समज ज्याला आहे असे राज्य मानते, त्यालाच तो हाती घेण्यासाठी सात वर्षे थांबावे लागते.

२०२३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने उमेदवारीचे वयही अठरावर आणण्याची शिफारस केली. ब्रिटनने २००६ च्या कायद्याने ते केलेच होते. निवडणूक आयोगाने मात्र अनुभव व परिपक्वता यांचे कारण पुढे करून समितीपुढे विरोध नोंदविला. पण उमेदवाराचा अनुभव तोलणे हे मतदाराचे काम होय. कायद्याने ते त्याच्याकडून काढून घेण्याचे प्रयोजन काय? शिवाय त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतीपुरती वयाची आडकाठी एकविसाव्या वर्षीच दूर केली आहे. गावचे पाणी, दिवाबत्ती आणि जमाखर्च सांभाळणारी बावीस वर्षांची सरपंच विधानसभेसाठी मात्र अननुभवी ठरते!